सब-मीटरवरची सरळ रेष

आमच्या कंपाउंडात एक म्हण होती. ज्याच्याकडे चहा, त्याचा मीटर हळू. ही म्हण खास माझ्यासाठी तयार झाली होती, आणि तिच्या धाकानं मी इतकी वर्षं भिवंडीत काढली पण कुणाच्या गाळ्यात कपभर चहा प्यायलो नाही. भिवंडीत दिवसभर हिंडून चहा न पिणं म्हणजे काय, हे तिथल्याच माणसाला कळेल. कुणी हात धरून बसवलं तरी मी म्हणायचो, 'ॲसिडिटी आहे.' पुढे पुढे ती खरोखरच झाली.

माझं काम सब-मीटरचं. शहरातल्या वाचकाला सब-मीटर म्हणजे भाडेकरूच्या खोलीतला छोटा मीटर एवढंच माहीत असतं. आमच्याकडे त्याच्यावर पोटं अवलंबून होती. जागेचा मालक एक, वीज कंपनीचं कनेक्शन एक, दाराशी मेन मीटर एक. आत ओळीनं गाळे, प्रत्येक गाळ्यात पॉवरलूम, आणि प्रत्येक गाळा वेगळ्या माणसानं भाड्यानं घेतलेला. बिल येणार एकत्र. ते कुणी किती भरायचं हे सब-मीटर सांगणार. म्हणजे एकानं आपला सब-मीटर थांबवला तर वीज कंपनीचं काहीच बिघडत नाही, बिघडतं शेजाऱ्याचं. सरकारला लुबाडणाऱ्याला लोक एकवेळ हसून सोडतात, शेजाऱ्याला लुबाडणाऱ्याला सोडत नाहीत. म्हणून सगळ्यांना एक तिऱ्हाईत माणूस हवा होता, जो मीटरला सील मारील, रीडिंग घेईल आणि कुणाचा मिंधा नसेल.

मी मूळचा वज्रेश्वरीच्या बाजूच्या खेड्यातला. वायरमनचं काम शिकून भिवंडीत आलो आणि लगतच्या शेलार गावात एक खोली घेतली. कंपाउंडचे मालक दामूशेठ शेलारचेच. बापजाद्यांची भातशेती होती, तिच्यावर यांनी गाळे उठवले. मनानं उदार, पण संशयी. त्यांनी मला कामावर घेताना पहिली अट घातली तीच चहाची. "माज्या घरचा पन पियाचा न्हाय," ते म्हणाले. "नायतर लोक बोलतील, शेटनं मीटरवाला इकत घेतला."

मी ती अट पाळली. माझ्याकडे सील मारायची एक पक्कड होती. शिशाच्या गोळीत तार ओवायची, पक्कड दाबायची, की गोळीवर माझं अक्षर उमटायचं. तार तुटल्याशिवाय मीटरचं झाकण उघडत नसे. ती पक्कड मी कधी कुणाच्या हातात दिली नाही. सासरी गेलेली माझी लेक चेष्टेनं म्हणायची, "आईच्या मंगळसूत्राला जपलं नाही एवढं बाबा त्या पकडीला जपतात." तिची आई तेव्हा हयात नव्हती, म्हणून चेष्टा जरा बोचायची.

मीटर थांबवण्याच्या युक्त्या सांगायला बसलो तर अंकाची पानं पुरायची नाहीत, शिवाय कुणी शिकेल अशी भीती. जुन्या मीटरमध्ये चकती फिरायची. काचेच्या फटीतून पातळ पट्टी आत सारली की चकती अडायची. पट्टी कशाची? तर एक्स-रेची. कडक, पातळ आणि फुकट. एकदा मी एका मीटरमधून पट्टी ओढून काढली आणि उजेडात धरली, तर तिच्यावर कुणाची तरी फासळी. गाळेवाल्याला दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "हमारे वालिद साहब की है. गिर गए थे." चोरी याची, फासळी बापाची. मी पट्टी परत दिली, कारण वडिलांच्या फायलीत ती लागली असती.

दुसऱ्या एकानं मीटरच्या पेटीवर देवाची तसबीर टांगली होती. हार, उदबत्ती, सगळं यथासांग. रीडिंगची खिडकी तेवढी मोकळी. मी दर महिन्याला हात जोडून रीडिंग घेऊन पुढे जायचो. एकदा वाटलं, एवढी भक्ती या माणसाच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नाही. देवाची क्षमा मागून तसबीर उतरवली, तर मागे पेटीला बारीक भोक. त्यातून सायकलच्या चाकाची तार आत गेलेली. माणूस म्हणाला, "देवानंच केलं असेल." मी म्हटलं, "मग पुढचं बिल देवाच्या नावानं काढतो."

दोन हजार सालानंतर इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि या युक्त्या निम्म्याहून जास्त मेल्या. त्यात चकती नाही, अडवणार काय? लोकांनी लाउडस्पीकरचे लोहचुंबक लावून बघितले. पण नवा मीटर चांगला चुगलखोर. झाकण उघडलं, चुंबक लावलं, एक फेज काढला, सगळं तो मनात ठेवायचा. शिवाय दर अर्ध्या तासाला किती वीज ओढली तेही. माझ्याकडे हातात मावेल असं एक यंत्र होतं. त्याची वायर मीटरच्या काचेवर चिकटवली की मीटरच्या पोटातलं सगळं त्यात उतरायचं. मग शहरातल्या एका दुकानात जाऊन ते कॉम्प्युटरवर काढायचं आणि कागदावर आलेखाची रेष छापून घ्यायची.

आता सील नुसतं मीटरला मारून भागेना. चोरी थांबली, पण माहिती सांभाळायची नवी डोकेदुखी आली. यंत्राची बॅटरी दगा द्यायची आणि महिन्याचं सगळं पुसलं जायचं. दुकानातला कॉम्प्युटर एकदा बसला तो उठलाच नाही. म्हणून मी दोन दोन सीडी करायला लागलो. एक माझ्या पेटीत, दुसरी दामूशेठच्या तिजोरीत. प्रत्येक गाळ्याचा छापलेला कागद वेगळ्या पाकिटात घालून त्यावर लाखेचं सील. दुकानातली फाईल मी स्वतः उभा राहून पुसायला लावायचो. दुकानदार वैतागायचा. "भोईर, तुमच्या गाळ्यात काय अणुबॉम्ब बनतो का?"

पण त्यालाही कारण होतं. एक दिवस सुताचा एक दलाल मला एस. टी. स्टँडवर भेटला. दलाल म्हणजे व्यापाऱ्याकडून गाळेवाल्यांना सूत मिळवून देणारा आणि कापड उचलणारा. बोलायला गोड. म्हणाला, "फक्त युनिट सांगा, बाकी काही नको." मी भोळेपणानं विचारलं, तुम्हाला आमच्या युनिटांचं काय करायचंय? तो हसला. युनिट कमी म्हणजे लूम बंद. लूम बंद म्हणजे माणूस अडलेला. अडलेल्या माणसाला मजुरी पाडून सांगता येते, नाहीतर सूत द्यायचंच बंद करता येतं. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. रीडिंग म्हणजे गाळेवाल्याची झाकली मूठ. ती सव्वा लाखाची असो की रिकामी, ती उघडायचा हक्क ज्याची त्याला. मी दलालाला हात जोडले आणि कंपाउंडात येऊन सगळ्यांसमोर नियम सांगितला. बिलाचा आकडा ज्याचा त्याला मिळेल. भांडण लागलं तर एकूण युनिट सांगीन, कारण त्यावरच वाटणी होते. पण कधी किती लूम चालले ते सांगणारं पाकीट, ज्याचं आहे त्याच्या परवानगीशिवाय फुटणार नाही. मालकासाठीसुद्धा नाही.

दामूशेठला तो नियम आवडला. "ह्यो बरा बोललास," ते म्हणाले. नियमाचा फास पुढे कुणाच्या गळ्यात पडणार होता ते तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

या कामात माणूस एकटा पडतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी मीटरखोलीकडे वळलो की दारात उभे असलेले दोघं बोलायचे थांबायचे. सणाला सगळे एकमेकांकडे ताटं पाठवायचे, माझ्याकडे कुणी पाठवत नसे, कारण मी परत करीन हे ठाऊक. दुपारी मी ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापाशी बसून डबा खायचो. लूमचा खडखडाट इतका, की स्वतःचं चावणंही ऐकू यायचं नाही. खोलीवर परत आलो की कान वाजत राहायचे. बोलायला कुणी नसलं की गळा बसतो, हे मी अनुभवलंय. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून फक्त आकडे निघायचे.

त्या कंपाउंडात मला मान वर करून नमस्कार घालणारा एकच माणूस होता, मल्लेशमअण्णा. मूळचा तिकडे तेलंगणातला, पण बापाच्या वेळेपासून भिवंडीत. उंच, सडपातळ, केसांत कायम कापसाची रुई. लूम दुरुस्त करणारा कारागीर म्हणून आयुष्य काढलं आणि उतारवयात स्वतःचे लूम घेतले. मी गेलो की तो दारातून हात वर करायचा आणि ओरडायचा, "भोईरभाऊ, चाय नाही बोलत, पण बरं आहे ना?" मी मान हलवायचो. आमची एवढीच दोस्ती. पण ती रोजची होती आणि मी तिची वाट बघायचो.

एका वर्षी धंद्याला उतरती कळा लागली. भारनियमन वाढलं, सूत महागलं, कापडाला उठाव नाही. कंपाउंडात कधी या गाळ्याचे लूम थांबायचे, कधी त्या. फक्त मल्लेशमअण्णाच्या दारातून सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड खडखडाट. दाराला त्यानं गोणपाटाचा पडदा लावला होता. कारागीर गावी गेलेत, मी आणि बायकोच चालवतो, असं तो सांगायचा. लोक म्हणायचे, अण्णाचं नशीब बघा.

त्या महिन्याचा त्याचा कागद छापून हातात आला आणि मी दुकानातच तो दोनदा उलटसुलट करून बघितला. कापड विणणाऱ्या लूमची रेष कधी सरळ नसते. धागा तुटतो, लूम थांबतो. धोट्यातली सुताची काँडी संपते, लूम थांबतो. ताण्याच्या सुताचा मोठा रूळ, म्हणजे बीम, उतरतो, नवा चढतो, तेवढा वेळ सगळं बंद. आलेखात या थांबण्याच्या खाचा पडतात, रेष करवतीसारखी दिसते. अण्णाची रेष सकाळी उठून उभी राहत होती आणि संध्याकाळपर्यंत पट्टीनं ओढावी तशी आडवी जात होती. दिवसभर एकही धागा तुटत नव्हता. शिवाय ती होती खाली, थोडेच लूम चालू असावेत अशी. आणि काँडी भरायचं मशीन तर सुरूच झालं नव्हतं.

त्याचा अर्थ एकच होता. दारालगतचे चार लूम तो रिकामे चालवत होता. सूत नाही, बीम नाही, कापड नाही. नुसता आवाज.

मी कागद पाकिटात घातला, लाख लावली आणि गप्प राहिलो. पुढच्या महिन्यातही सरळ रेष, त्याच्या पुढच्याही. मी त्या रेषेकडे बघत बसायचो. सकाळी किती वाजता त्यानं स्विच टाकला, जेवायला बसला तेव्हाही लूम बंद केले नाहीत, सगळं मला दिसायचं. गाळ्यात पाऊल न टाकता एका माणसाचा दिवस माझ्या मांडीवर उलगडलेला असायचा आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. खरं सांगतो, बायको गेल्यानंतर दुसऱ्या कुणाच्या दिवसात मी इतका गुंतलो नव्हतो.

भांडण सुरू केलं शकीलभाईनं. त्याचा गाळा अण्णाच्या भिंतीला लागून. त्या काळात मेन मीटर आणि सगळ्या सब-मीटरची बेरीज यांतला फरक वाढला होता. थोडा फरक नेहमीच असतो आणि तो सगळ्यांवर सारखा पडतो. पण हातात पैसा नसला की तो थोडाही टोचतो. शकीलभाईनं कुठून तरी अण्णाच्या बिलाचा अंदाज काढला आणि दामूशेठच्या अंगणात उभा राहून बोलला, "जितने लूम मेरे, उतने इसके. आवाज़ मेरे से ज़्यादा, बिल आधे से कम? कौनसा मंतर मारा है मीटर पे?"

त्याचंही चुकत नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. दामूशेठनं मला बोलावलं. "भोयर, यो मानूस चोरी करतंय का न्हाय, येवरंच सांग."

"मीटर बरोबर आहे, शेठ."

"मंग युनिट कमी का?"

खरं कारण पाकिटात होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. शेठनं येत्या शुक्रवारी सगळ्यांना बोलवायचं ठरवलं. शुक्रवारी भिवंडीत वीज बंदचा वार. लूम थांबलेले असतात, म्हणून माणसांचं बोलणं ऐकू येतं.

त्याच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदा अण्णाला खुणेनं बाहेर बोलावलं. लूमच्या गावात गुपित सांगायची मोठी पंचाईत. तिथे कुजबुजता येत नाही, ओरडावं लागतं. आम्ही चालत चालत शेलारच्या नदीपर्यंत गेलो. ऊन कलतं होतं. काठावर दगडांवर बसलो आणि मी सरळ म्हटलं, "अण्णा, तुमचे लूम रिकामे चालतायत."

तो दचकला नाही. पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "कवापासून माहीत?"

"पहिल्या महिन्यापासून."

"आणि कुणाला?"

"कुणालाच नाही."

मग त्याला बांध फुटला. सूतवाल्या व्यापाऱ्यानं हात आखडता घेतला होता. ज्याचे लूम चालू त्यालाच सूत, असा त्याचा हिशेब. दलाल दारावरून फेरी मारून कानोसा घ्यायचे. म्हणून आवाज चालू ठेवायचा. घरातले जुने तागे सकाळी हातगाडीवर बांधून तो बाहेर न्यायचा आणि संध्याकाळी तेच ताडपत्रीखाली झाकून परत आणायचा, बीम आणला म्हणून. "एक दिवस गाडीवाला बोलला, अण्णा, हा माल मला ओळखायला लागलाय," असं सांगून तो हसला. मीही हसलो.

"उद्या पाकीट उघडायची परवानगी द्या," मी म्हटलं. "मी सगळ्यांना समजावून सांगतो. चोरीचा डाग एका क्षणात जाईल."

"आणि सूत?"

सूत काही माझ्या हातात नव्हतं.

"भोईरभाऊ, चोर बोलू दे मला," तो म्हणाला. "चोराचे लूम चालतात. चोराला व्यापारी सूत देतो, उलट हसून देतो, हुशार आहे म्हणतो. रिकाम्या माणसाला कोण देतो? बायकोचे सगळे दागिने त्या लूममध्ये गेलेत. लूम गेले तर आम्ही दोघं या वयात दुसऱ्याच्या गाळ्यात काँडी भरायला जायचं का?"

"पण मग माझं सील फुटलं असा अर्थ होईल, अण्णा."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत तो म्हणाला, "तुमचं पण बरोबर आहे. तुम्ही सांगा, मी काय करू?"

माहिती त्याची होती. नियम मी केला होता. मी उठलो, पँट झटकली आणि म्हटलं, "पाकीट तुमचं आहे. तुम्ही नाही म्हटलात तर मी फोडणार नाही."

शुक्रवारी सगळे दामूशेठच्या अंगणात जमले. लूमच्या आवाजाशिवाय ती माणसं मला परकीच वाटत होती, सवयीनं मोठ्यानं बोलत होती. शेठनं तिजोरीतलं पाकीट आणून मधे ठेवलं आणि अण्णाला विचारलं, "फोराचा का?"

मल्लेशमअण्णा खाली बघून म्हणाला, "नको."

एवढ्या एका शब्दानं निकाल लागला. साव माणूस नको कशाला म्हणेल? शकीलभाई ताडकन उठला. बाकीचे एकदम बोलायला लागले. शेठनं त्यांना हातानं थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "तुजा सील फुटला का न्हाय?"

"माझं सील शाबूत आहे," मी म्हटलं. "त्याच्यापुढं मी काही बोलणार नाही."

मग शकीलभाई हळूच, जवळजवळ दुःखानं म्हणाला, "तो फिर चाय पी होगी, भोईरभाई."

पक्कड माझीच, म्हणजे सील तोडून पुन्हा मारणाराही मीच, असा त्याचा अर्थ. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांचा माझा कोरडा घसा त्या एका वाक्यात वाया गेला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की मूर्खांनो, हा चोर नाही, हा तुमच्यासारखाच बुडतोय. तुमच्या आधी बुडतोय एवढंच. पण मी पक्कड खिशात घट्ट धरून उभा राहिलो.

अण्णाला दंड बसला, तो त्यानं हप्त्यानं भरायचं कबूल केलं. दामूशेठनं मला काढलं नाही. पण दुसऱ्या एका वायरमनला बोलावून प्रत्येक मीटरवर माझ्या सीलशेजारी त्याचं सील मारायला लावलं. इथून पुढे रीडिंग घेताना तो माझ्याबरोबर उभा राहायचा. माझ्या खांद्यावरून वाकून आकडा बघायचा आणि मी सांगितलेला आकडा पुन्हा मोठ्यानं म्हणायचा. बरा माणूस होता बिचारा, पण त्याचं तसं उभं राहणं मला रोज सोसावं लागलं.

वर आणखी एक गंमत. त्याच आठवड्यात मेन पेटी तपासताना मला एक जळका जॉइंट सापडला. काळा पडला होता, तापून वीज खात होता. मी तो बदलला आणि मेन आणि सब-मीटरमधला फरक खाली आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. सगळे म्हणाले, बघा, चोर पकडला आणि फरक गेला. मी जॉइंट दाखवला तर कुणी बघायलाही तयार नव्हतं.

आणि अण्णाचं म्हणणं खरं ठरलं. महिन्याभरात व्यापाऱ्यानं सूत दिलं. पुढचा कागद मी दुकानात उलगडला तेव्हा रेष खाचाखाचांची होती. धागे तुटत होते, काँड्या संपत होत्या, बीम चढत होते. मी दुकानदारासमोरच मोठ्यानं म्हणालो, "वा!" त्यानं विचारलं, लॉटरी लागली का?

पण अण्णा मला भेटेनासा झाला. दारातून हात वर होईना. मी मीटरखोलीकडे आलो की तो आत वळायचा. मला आधी वाटलं, दिवस फिरले की माणसं ओळख विसरतात. मग समजलं, तसं नव्हतं. त्याची लाज ठाऊक असलेला मी एकटाच माणूस होतो आणि माझी लाज त्याच्यामुळे गेली होती. दोन लाजा समोरासमोर आल्या की नजर कुठं ठेवायची? समजलं तरी मीटरखोलीकडे वळताना माझी नजर त्याच्या दाराकडे जायचीच.

असं बरंच चाललं. मग भिवंडीत लूम भंगारात जायला लागले. एकेक करून नव्हे, टेम्पो भरभरून. तिकडे पूर्णा गावाच्या बाजूला गोदामं उठत होती आणि इकडे गाळेवाले लोखंडाच्या भावानं लूम तोडून देत होते. एका सकाळी दामूशेठचा निरोप आला. मल्लेशमअण्णा गाळा सोडतोय, शेवटचं रीडिंग घे.

मी गेलो तेव्हा पडदा काढलेला होता. पहिल्यांदाच मी त्या गाळ्याच्या आत पाऊल टाकलं. भंगारवाले आतल्या बाजूचे लूम घणानं तोडत होते. दारालगतचे चार तेवढे उभे होते. दामूशेठ, शकीलभाई आणि आणखी काही गाळेवाले निरोपाला आले होते. माझ्याबरोबरचा वायरमन आपलं सील तोडायला पुढे झाला, तर अण्णानं त्याला थांबवलं.

"पयला भोईरभाऊंचं बघा," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघा. हे सील त्या वेळचं आहे. तार जुनी, अक्षर तेच. हे कधी फुटलं नाही. मी चोरी केली नाही. माझे लूम रिकामे होते. सूत नव्हतं म्हणून आवाज करत होतो. यांना सगळं माहीत होतं, यांनी सांगितलं नाही."

घण थांबले होते. दामूशेठनं वाकून सील बघितलं, अंगठा फिरवला आणि डोक्याची टोपी काढून हातात घेतली. शकीलभाई माझ्याकडे आला. तो नुसता माझ्या खांद्याला हात लावून उभा राहिला. त्यालाही आता सूत मिळत नव्हतं, हे मला त्याच्या कागदावरून ठाऊक होतं.

"कशाला बोललात, अण्णा?" मी पुटपुटलो.

"आता काय झाकायचं?"

लोक पांगले. मी शेवटचं रीडिंग घेतलं आणि मेन स्विच बंद करायला हात उचलला. अण्णा शेजारी येऊन उभा राहिला होता. गाळ्यात आवाज नव्हता, त्यामुळे तो हळू बोलला आणि मला सगळं ऐकू आलं.

"त्या दिवसांत सकाळी हा स्विच टाकायचो ना भाऊ, बायको पण तोंड फिरवायची. वेड्यासारखं वाटायचं, रिकामा लूम बघत बसायचं दिवसभर. नदीवर तुम्ही बोललात, तवा समजलं की तुम्हाला दिसत होतं सगळं. त्यानंतर मागचे सगळे दिवस आठवले आणि वाटलं, मी एकटा नव्हतो. मग तुमच्यासमोर यायला तोंड नाही राहिलं, ती गोष्ट वेगळी."

मला सांगायचं होतं, की अण्णा, मीही तुमची ती रेष घेऊन खोलीवर बसायचो. तुम्ही सकाळी स्विच टाकलात की माझाही दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा. पण आयुष्यभर आकडेच बोललेल्या माणसाला हे बोलायचं सुचत नाही. मी म्हणालो, "सांभाळून जा."

त्याची बायको टेम्पोत पुढे बसली होती, मांडीवर स्टोव्ह घेऊन. अण्णा मागे सामानात बसला. टेम्पो वळेपर्यंत मी बघत राहिलो आणि मग गाळ्यात परत येऊन स्विच खाली ओढला.